तीन घरांची एक पाण्याची लाइन, गळती शेजारच्या फरशीखाली: दुरुस्ती कुणाची, खर्च कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये एका ओळीत तीन रो-हाउस. १९९६ साली बांधताना बिल्डरने रस्त्यावरच्या लाइनवरून एकच पाऊण इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घेतला आणि तिन्ही घरांच्या पुढच्या अंगणाखालून नेला. कनेक्शन आणि मीटर पहिल्या घराच्या नावावर. प्रश्न विचारणारे शेवटच्या, म्हणजे तिसऱ्या घरात राहतात. चार महिन्यांपासून त्यांच्याकडे पाण्याला जोर नाही, आणि पहिल्या घराच्या पार्किंगमधली फरशी एका जागी कायम ओली दिसते. पहिल्या घरातले काका म्हणतात, "माझ्याकडे पाणी व्यवस्थित येतं, मी फरशी का फोडू देऊ?" मधल्या घरातल्या वहिनी म्हणतात, "पाइप त्यांच्या जागेत आहे, खर्च त्यांनीच करायचा." आता दुरुस्ती कुणी करायची आणि पैसे कुणी द्यायचे?

मी परवानाधारक प्लंबर आहे, ३१ वर्षं हेच काम करतोय. वकील नाही. पण अशा तंट्यांत इतक्या वेळा मधे उभा राहिलोय, दोनदा कोर्टात साक्षही दिली आहे, की या विषयातली कामाची कलमं पाठ झाली आहेत.

सरळ उत्तर आधी देतो. पाइपच्या ज्या तुकड्यातून ज्याचं पाणी जातं, त्या तुकड्याची जबाबदारी त्याची. तो तुकडा कुणाच्या फरशीखाली आहे यावरून खर्च ठरत नाही. रस्त्यातल्या मुख्य लाइनवर फेरूल, म्हणजे तिच्यातून नळजोडणी काढायचा तुकडा, बसवलेला असतो, तिथून पुढचा पाइप नळधारकांनी सांभाळायचा असतो. तुमच्या बाबतीत फेरूलपासून पहिल्या घराच्या टीपर्यंतचा (टी म्हणजे लाइनला फाटा फुटतो तो तीन तोंडांचा जोड) तुकडा तिघांचा, कारण तिघांचंही पाणी त्यातून येतं. पहिल्या टीपासून दुसऱ्या टीपर्यंतचा तुकडा मधल्या घराचा आणि तुमचा. दुसऱ्या टीच्या पुढचा एकट्या तुमचा. म्हणून मधल्या वहिनींचं म्हणणं चूक आहे आणि काकांचंही. आणि एक गोष्ट तुम्हालाही कडू लागेल: तुम्ही शेवटच्या घरात आहात, त्यामुळे सगळी लाइन बदलायची वेळ आली तर सर्वांत मोठा वाटा तुमचा येईल.

आकड्यांत बघू. समजा लाइन ९० फूट आहे, प्रत्येक टप्पा ३० फुटांचा, आणि खोदाई, पाइप, मजुरी, फरशी धरून फुटाला ३०० रुपये पडले. प्रत्येक टप्पा ९,००० रुपयांचा झाला. पहिला टप्पा तिघांत वाटला की प्रत्येकी ३,०००. दुसरा दोघांत, प्रत्येकी ४,५००. तिसरा एकट्याचा, ९,०००. म्हणजे पहिल्या घराला ३,०००, मधल्याला ७,५०० आणि तुम्हाला १६,५००. एकूण २७,०००. तुम्ही मनात "तिघांनी नऊ-नऊ हजार काढू" असं धरलं असेल तर काका चिडणारच, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. पण आज तुमची गळती पहिल्याच टप्प्यात दिसते आहे. ती तिथेच निघाली तर त्या कामाचे तीन समान वाटे, फरशीसकट.

काकांना "खणू द्या" असं सांगायचा हक्क तुम्हाला आहे का? आहे. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम, वकील ज्याला इझमेंट अ‍ॅक्ट म्हणतात, तो मुंबई इलाख्याला १८९१ मध्ये लागू झाला आणि आजही आपले असले तंटे त्याच्यावरच सुटतात. त्याच्या कलम २४ मध्ये उदाहरण म्हणून जे दिलं आहे ते वाचलं की वाटतं, तुमच्या अंगणात उभं राहूनच लिहिलंय. त्याचा आशय असा: अ ला ब च्या जमिनीतून आपल्या टाकीपर्यंत पाइप नेण्याचा हक्क आहे, तो पाइप दुरुस्त करण्यासाठी अ ने ब च्या जमिनीत जाऊन खणलं तरी चालेल, पण काम झाल्यावर जमीन पूर्वी होती तशी करून द्यायला हवी. कलम २५ म्हणतं, दुरुस्तीचा खर्च हक्क वापरणाऱ्याने करायचा. कलम २६ म्हणतं, पाइप नीट न ठेवल्यामुळे दुसऱ्याच्या मिळकतीचं नुकसान झालं तर भरपाईही हक्क वापरणाऱ्यानेच द्यायची. आणि कलम २७ प्रमाणे ज्याच्या जमिनीतून पाइप जातो, त्याच्यावर स्वतः दुरुस्ती करण्याचं बंधन नाही. काका फक्त जागेचे मालक असते आणि त्या पाइपातून पाणी घेत नसते, तर त्यांना एक रुपयाही द्यावा लागला नसता. ते पाणी घेतात म्हणून त्यांचा तिसरा हिस्सा.

बरं, हा हक्क तुमच्याकडे आला कुठून? खरेदीखतात पाइपचा उल्लेख नाही, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेकांच्या खतात नसतो. पण तिन्ही घरं आधी एकाच मालकाची, म्हणजे बिल्डरची होती, आणि विकली तेव्हा पाणी याच वाटेने येत होतं. कलम १३ अशा वेळी सांगतं की विक्रीच्या वेळी जी सोय दिसण्यासारखी आणि सततची होती, आणि घर होतं तसं वापरायला गरजेची होती, ती घराबरोबर आली, असं धरायचं. खतात उलट काही लिहिलेलं असेल तरच गोष्ट वेगळी. जमिनीखालचा पाइप "दिसण्यासारखा" कसा, असं तुम्हाला कुणी विचारेल. कलम ५ मध्ये दिसणं म्हणजे जाणकार माणसाने नीट पाहणी केली तर सापडेल अशी कायमची खूण. काकांच्या भिंतीजवळचं मीटर, तिथून जमिनीत शिरणारा पाइप आणि तुमच्या अंगणात वर येणारा पाइप, एवढ्यावरून माझ्यासारखा कुणीही लाइन कशी गेली ते सांगेल.

पाइप नंतर कधीतरी शेजाऱ्याच्या जागेतून नेला असेल तर गणित बदलतं. २० वर्षं उघडपणे, विनातक्रार, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापर असेल तर कलम १५ प्रमाणे हक्क पिकतो. पण शेजाऱ्याने "ने बाबा माझ्या अंगणातून" असं म्हणून परवानगी दिली असेल तर ती परवानगीच राहते. तिची कितीही वर्षं झाली तरी हक्क होत नाही. मात्र त्या परवानगीवर विसंबून तुम्ही पैसे घालून कायमचं काम केलं असेल, तर शेजाऱ्याला ती मनात आलं म्हणून काढून घेता येत नाही; ते कलम ६० मध्ये आहे. म्हणूनच जुन्या वस्तीत मी आधी विचारतो, पाइप कधी टाकला आणि तेव्हा बोलणं काय झालं होतं. त्या वेळची पावती, एखादी चिठ्ठी, जुना फोटो, जे मिळेल ते जपून ठेवा.

आता कायदा बाजूला ठेवून मीटरजवळ या, कारण बहुतेक भांडणं गळती नेमकी कुठे आहे हे न बघताच सुरू झालेली असतात. ओली फरशी दिसली म्हणजे गळती तिच्याच खाली, असं नसतं. पाणी पाइपच्या खालच्या वाळूतून वाहत जातं आणि जिथे फरशीचा सांधा सैल, तिथे वर येतं. मी तर एकदा ओल्या फरशीच्या मागे १२ फुटांवर गळती सापडताना पाहिली आहे.

पाण्याच्या वेळेला तिघांनी एकत्र उभं राहा. तिघांच्याही घरात शिरणारे कॉक बंद करा. पाणी सुरू झाल्यावर लगेच मीटर बघू नका. आपल्याकडे पाणी दिवसातून ठराविक वेळच येतं, त्यामुळे आधी रिकामा पाइप भरतो, आणि आतल्या हवेनेही मीटर फिरतं. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग मीटरच्या तबकडीवरची छोटी लाल चांदणी बघा. सगळं बंद असतानाही ती फिरत असेल तर मीटरच्या पुढे गळती आहे, आणि ते पाणी काकांच्या नावावरच्या बिलात रोज जमा होतंय. ही गोष्ट काकांना त्यांच्या डोळ्यांनी दाखवा. माझा अनुभव असा की "माझ्याकडे पाणी व्यवस्थित येतं" म्हणणारा माणूस ती चांदणी फिरताना पाहिली की गप्प होतो आणि मग नीट बोलायला लागतो. चांदणी स्थिर असेल आणि फरशी तरीही ओली होत असेल, तर गळती मीटरच्या आधी आहे, किंवा ते पाणी तुमच्या नळाचं नाहीच. ड्रेनेजचं किंवा टाकीच्या ओव्हरफ्लोचंही असू शकतं.

दुसरी चाचणी बादलीची. २० लिटरची बादली घ्या. पाणी टाकीत जाण्याआधीच्या नळाला, बाकी दोन घरं बंद ठेवून, एकेका घरात बादली किती सेकंदांत भरते ते मोजा आणि कागदावर लिहा. पहिल्या घरात ४० सेकंद, मधल्यात ४५ आणि तुमच्याकडे दोन मिनिटं लागली, तर तुमच्या जोराचं दुखणं पार्किंगमधल्या गळतीत नाही, ते दुसऱ्या टीच्या पुढे तुमच्याच पाइपात आहे. जीआय पाइप आतून गंजून इतका भरतो की कापून बघितला तर पाऊण इंचाच्या जागी पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं असतं. अशा वेळी काकांची फरशी फोडून गळती काढली तरी तुमच्याकडे फारसा फरक पडणार नाही, आणि पुढची दहा वर्षं ते तुम्हाला त्या फरशीची आठवण करून देतील. म्हणून आधी मोजा.

नेमकी जागा ऐकून सापडते. पाणी चालू असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक किंवा पहार फरशीवर टेकवायची आणि दुसरं टोक कानाजवळ धरायचं. गळती जवळ आली की स्टो पेटवल्यासारखा बारीक फुसफुसाट येतो. रात्री किंवा पहाटे, गाड्यांचा आवाज नसताना, जास्त स्पष्ट.

गंगापूर रोडच्या बाजूला एका ओळीतल्या चार बंगल्यांचं असंच काम केलं होतं. पहाटे साडेपाचला पाणी यायचं. पहारीने ऐकत ऐकत गेलो तर आवाज बरोबर दुसऱ्या बंगल्याच्या तुळशी वृंदावनाखाली. घरातल्या आजी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुळस हलणार नाही." मी बाजूची एक फरशी काढली, हाताने माती उकरली. सॉकेटच्या आट्यांपाशी लोखंड बिस्किटासारखं झालं होतं, बोट लावलं की पापुद्रे निघत होते, आणि शेजारच्या मोगऱ्याची पांढरी मुळं ओलाव्यासाठी त्या सांध्याभोवती जाळीसारखी गुंडाळली गेली होती. नाशिकच्या काळ्या मातीत हे नेहमीचं. उन्हाळ्यात माती भेगाळते, पहिल्या पावसात फुगते, आणि तो सगळा ताण सांध्यावर येतो. आटे पाडले तिथे पाइपची जाडी आधीच कमी झालेली असते, म्हणून मधला पाइप धड आणि सांधा गेलेला, असं नेहमी दिसतं. आम्ही तुळस तशीच ठेवली आणि लाइन आठ फूट वळसा घालून नेली. वृंदावन लाइनच्या नंतर बांधलेलं होतं, त्यामुळे कागदोपत्री वळशाचा खर्च आजींकडे आला असता. बाकीच्या तिघांनी आपण होऊन तो वाटून घेतला. माझ्या मते त्यांनी योग्य केलं, पण तसा त्यांच्यावर भार नव्हता, हेही मी आजींसमोरच सांगितलं होतं.

त्याच बंगल्यांत आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती मला पैशांपेक्षा मोठी वाटते. शेवटच्या बंगल्यात लहान मुलं वारंवार आजारी पडत होती. पाणी आलं की पहिली दोन मिनिटं गढूळ यायचं, मग साफ. मी ओटी टेस्टचं किट घेऊन गेलो, ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर क्लोरीन बघायला वापरतात तेच. पहिल्या बंगल्याच्या नळाचं पाणी पिवळसर झालं, म्हणजे क्लोरीन होतं. शेवटच्या बंगल्याच्या पाण्याचा रंग बदललाच नाही. पिण्याच्या पाण्यात नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असा आपला मानक आहे. एकाच पाइपातलं पाणी ४० फुटांत क्लोरीन गमावतं, याचा अर्थ वाटेत घाण शिरतेय. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो, आणि ज्या भोकातून सकाळी पाणी बाहेर येत होतं, त्याच भोकातून आजूबाजूचा चिखल आत ओढला जातो. शेजारून ड्रेनेजची लाइन जात असेल तर काय आत येतं ते सांगायला नको. कावीळ आणि जुलाब पसरायची ही अगदी नेहमीची वाट आहे. म्हणून सामाईक लाइनची गळती "बघू दिवाळीनंतर" म्हणून टाळू नका, आणि दुरुस्ती होईपर्यंत प्यायचं पाणी उकळून घ्या. तिघांनीही.

यात एक भर लोक स्वतः घालतात. लाइनला थेट मोटर. पाण्याला जोर नाही म्हणून एक जण अर्धा एचपीची मोटर लावतो, मग दुसरा एक एचपीची. शेवटच्या घरात नळ नुसता सूं सूं करतो. हे नियमाविरुद्ध आहे, महापालिका अशा मोटारी जप्त करते. आणि मोटर जेव्हा लाइन शोषते तेव्हा पाणी चालू असतानाही गळतीतून घाण आत येते. तुमच्या ओळीत कुणी थेट मोटर लावली असेल, तुमच्यासकट, तर वाटाघाटीला बसण्याआधी ती काढा. पाणी आधी जमिनीतल्या टाकीत पडू द्यायचं आणि तिथून मोटरने गच्चीवर चढवायचं, एवढंच रीतसर आहे.

आता दुरुस्ती. २९-३० वर्षांच्या जीआय लाइनला क्लॅम्प मारून वेळ निभावून नेता येते, पण मी तसं सुचवणार नाही. एक सांधा गेला की बाकीचेही त्याच वयाचे असतात. निदान ज्या टप्प्यात गळती आहे तो टप्पा पूर्ण बदला. काळा, निळ्या पट्ट्यांचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप घ्या. गुंडाळीतून येतो, मधे सांधा लागत नाही. तिघांची मिळून लाइन असेल तर सामाईक टप्पा पाऊण इंचाऐवजी एक इंची करा. दिसायला फरक पाव इंचाचा, पण त्याच दाबाला पाणी जवळजवळ दुप्पट जातं. फेरूलचा आकार मात्र महापालिका मंजूर करते तोच राहील, त्यामुळे आधी पाणीपुरवठा विभागात चौकशी करा आणि रस्त्याकडचं काम त्यांच्या परवानगीशिवाय कुणालाही करू देऊ नका. गाडी जाते तिथे पाइप दीड-दोन फूट खोल घ्या, खालीवर वाळू घाला, ड्रेनेजच्या लाइनपासून लांब आणि तिच्यापेक्षा वरच्या पातळीत ठेवा. आणि पार्किंगखाली तो उघडा पुरू नका. तीन इंची पीव्हीसी पाइपातून ओवून न्या. पुढच्या वेळी फरशी न फोडता जुना पाइप ओढून काढता येईल आणि नवा घालता येईल. काकांना राजी करायला माझ्याकडे याच्याइतकं चांगलं काही नाही.

प्रत्येक टीपाशी प्रत्येक घरासाठी वेगळा बॉल व्हॉल्व आणि युनियन (पाइप न कापता खोलता येणारा जोड) बसवा, वर झाकणाची छोटी चेंबर. एका घराचं काम निघालं तर बाकीच्यांचं पाणी बंद करावं लागत नाही. चर लगेच बुजवू नका. एक वेळ पाणी येऊ द्या, सगळे सांधे कोरडे आहेत हे तिघांनी बघा, भिंतीपासून टेप लावून अंतर दिसेल असे फोटो काढा, आणि मग माती लोटा.

फरशीचं म्हणाल तर ती होती तशी करून द्यायची, आणि तो खर्च कामाच्याच बिलात धरायचा. जुनी फरशी बाजारात मिळत नसेल तर चराच्या पट्ट्यापुरती जवळच्या रंगाची पट्टी आधी काकांना दाखवून ठरवा, नंतर नाही. पण त्यांनी नंतर लाइनवर जिना किंवा पाण्याची टाकी बांधली असेल आणि त्यामुळे पाइपापर्यंत हातच पोचत नसेल, तर तो अडथळा त्यांनी केलाय, आणि वळसा घालायचा जादा खर्च त्यांच्याकडे मागणं योग्य आहे. तसंच कुणी खांब रोवताना किंवा ड्रिल मारताना पाइप फोडला तर ते काम ज्याने केलं त्याचं. तिथे वाटे नाहीत.

काका तरीही नाहीच म्हणाले तर? आधी लेखी द्या. साधं पत्र, तारखेसह: चाचणी काय केली, बादलीचे आकडे, अंदाजपत्रकाची प्रत, काम कोणत्या दिवशी, किती वेळ, फरशी कशी बसवून देणार. व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. दोन परवानाधारक प्लंबरांची अंदाजपत्रकं जोडा, त्यातला एक त्यांच्या ओळखीचा असू द्या. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीच्या तडजोडीसाठी अर्ज करता येतो. तिथे दोघांना बोलावून बसवतात. त्याच्या पुढे दिवाणी कोर्ट, मनाईहुकूम. माझ्या पाहण्यातले फारच थोडे तंटे तिथपर्यंत गेले, आणि जे गेले त्यांतल्या दोन्ही घरांनी वकिलाला दिलेल्या पैशात अख्खी लाइन दोनदा बदलून झाली असती.

मधल्या वहिनींनी पैसे दिले नाहीत म्हणून काम अडवून ठेवू नका. आधी लेखी कळवा की हे काम तिघांसाठी आहे, फुकट नाही, तुमचा हिस्सा इतका. मग काम करून घ्या आणि बिल त्यांना द्या. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७० प्रमाणे, दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे केलेलं आणि फुकट करायचा हेतू नसलेलं काम, आणि त्या दुसऱ्याने घेतलेला त्याचा फायदा, यावर भरपाई मागता येते. "फुकट नाही" हे आधी कळवलेलं असणं त्यात महत्त्वाचं. पाणीपट्टीचंही तसंच. कनेक्शन काकांच्या नावावर आहे तोवर महापालिका त्यांनाच धरणार, थकली तर तिघांचंही तोडणार. त्यांनी तुमच्या वाट्याची रक्कम भरली असेल तर ती त्यांना वेळेवर द्या. चार महिने गळती चालली असेल आणि बिल वाढलं असेल तर तो वाढीव आकडाही तिघांत वाटा. हा मुद्दा तुम्ही स्वतः काढलात तर फरशीचं बोलणं सोपं होईल.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नये, ना तुम्ही, ना काकांनी. रागाच्या भरात दुसऱ्याचा व्हॉल्व बंद करणं किंवा पाइप कापणं. माणसांच्या पिण्याचं पाणी जाणूनबुजून कमी करणं हा फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४३० मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये आहे, आणि शिक्षा ५ वर्षांपर्यंत आहे. घर भाड्याचं असेल तर मालकाला भाडेकरूचं पाणी तोडता येत नाही, हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ मध्ये वेगळं सांगितलंय.

हे सगळं स्वतंत्र घरांचं झालं. नोंदणीकृत गृहनिर्माण सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या पाण्याच्या लाइन, पंप, टाक्या आणि सामाईक लाइनची गळती यांची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची. फ्लॅटच्या आतली नळजोडणी सभासदाने. तिथे वाद असतो तो वरच्या मजल्याच्या बाथरूमचा, आणि तो वेगळा विषय आहे. वाड्यांत भाऊहिस्से पडले की मात्र तुमच्यासारखंच होतं. थोरल्याच्या स्वयंपाकघरातून धाकट्याची लाइन गेलेली असते आणि वाटणीपत्रात विहीर, आड, जिना सगळं लिहिलेलं, नळ तेवढा राहिलेला. वाटणी करत असाल तर त्यात एक ओळ पाइपची घाला.

तुमच्या मनात वेगळं कनेक्शन घ्यायचं असेलच. घ्या, अर्ज करा. रस्त्यावर दाब बरा असेल तर शेवटच्या घरासाठी तेच सर्वांत चांगलं. पण त्याला मंजुरी, रस्ता खोदाईची परवानगी, नवं मीटर, वेळ लागेल. आणि जुन्या लाइनवरून सुटायचं असेल तर आपली टी बुच लावून बंद करून द्या, नुसती सोडून देऊ नका. पाणी साचून राहणारा तो बंद तुकडा बाकी दोन घरांना त्रास देतो. तोवरचा गळतीचा आणि बिलाचा हिस्सा चुकत नाही.

काम झालं की एका कागदावर तिघांनी सह्या करा: लाइनचा नकाशा, टप्पे, कुणाचा वाटा किती, खणायच्या आधी किती दिवस सांगायचं. घर विकलं तर नव्या मालकालाही बांधील राहावं असं वाटत असेल तर वकिलाकडून मसुदा करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, नाहीतर तो कागद तुमच्या तिघांपुरताच.

उद्या सकाळी पाण्याच्या वेळेला काकांना आणि वहिनींना मीटरपाशी बोलवा. बादली आणि घड्याळ घेऊन जा. आकडे आले की इथे लिहा: तिन्ही घरांचे सेकंद, चांदणी फिरते का, आणि फरशी ओली आहे ती जागा मीटरपासून किती फुटांवर. त्यावरून कुठला टप्पा उघडायचा ते मी सांगतो.